ॲस्बेस्टॉसच्या कामातून आजार झाला तर भरपाई कशी मागायची: कागद, क्रम आणि नेहमीच्या चुका

सिमेंटच्या पत्र्यांच्या किंवा पाइपांच्या कारखान्यात, बॉयलरच्या लॅगिंगवर (उष्णता अडवायचं वेष्टन गुंडाळायच्या कामावर) नाहीतर साइटवर पत्रे कापायच्या-फोडायच्या कामावर ज्यांची वर्षं गेली आणि आता जिना चढताना दम लागतो, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. कायदा बऱ्यापैकी कामगाराच्या बाजूचा आहे तरी दावे बुडतात, आणि बुडतात ते क्रम चुकल्यामुळे. लोक एक्स-रे घेऊन थेट वकिलाकडे जातात, वकील विचारतो नोकरीचा पुरावा काय, तो नसतो, मग शोधाशोध, तेवढ्यात मुदत टळते, मधेच कंपनीचा माणूस घरी येऊन थोडे पैसे देऊन सही घेऊन जातो. म्हणून खाली दिलंय त्याच क्रमाने जा.

आधी कायद्याचं एक सांगतो. ही भरपाई इतकी वर्षं कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआयचा १९४८ चा कायदा यांच्याखाली मिळत आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि हे दोन्ही कायदे तिच्यात गेले. चौकट बहुतेक तीच आहे, कलमांचे आकडे बदलले आणि भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी हा शब्द आला. तुमच्या आजाराची तारीख कुठल्या काळात पडते त्यावर जुनं कलम की नवं ते ठरेल, अर्ज लिहिताना वकिलाकडून तेवढं पक्कं करून घ्या. खाली मी १९२३ च्या कायद्याचे आकडे दिलेत, कारण आजवरचे निकाल त्याच आकड्यांनी ओळखले जातात.

टप्पा १: नोकरीचा पुरावा आधी, डॉक्टर नंतर

पहिलं काम घरातली पत्र्याची पेटी उघडायची. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफची जुनी वार्षिक स्लिप, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, ईएसआयचं कार्ड, गेटपास, बोनसची पावती, युनियनच्या वर्गणीची पावती, ग्रॅच्युइटीचा हिशोब, यातलं जे सापडेल ते बाजूला काढा. एकच कागद असला तरी फेकू नका. गेटपासवर खातं लिहिलेलं असतं, ते खातंच पुढे धुळीचा पुरावा ठरतं.

काहीच नसेल तर पीएफ कार्यालयात अर्ज करून खात्याचा तपशील मागा. शेजारी काम केलेले दोन-तीन जण शोधा आणि त्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या, पण "हा आमच्यासोबत होता" एवढंच लिहिलेलं प्रतिज्ञापत्र उपयोगाचं नाही, कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीत, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, मुकादम कोण, हे सगळं त्यात यायला हवं.

बांधकामावरच्या माणसाचं जास्त अवघड असतं, कारण ठेकेदार बदलत राहतात. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडून मागता येते. आणि कलम ३ च्या पोटकलम २अ प्रमाणे अनेक मालकांकडे काम करून आजार झाला असेल तर सगळे मालक जबाबदार, कोणी किती द्यायचे ते आयुक्त ठरवतात. म्हणून "नेमका कुणाकडे काम करताना झाला ते सांगता येत नाही" असं म्हणून घरी बसू नका, सगळ्यांची यादी करा. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी असेल तर ९० दिवस काम केल्याचे दाखले आधीच दिलेले असतात, त्यावर ठेकेदारांची नावं सापडतात.

तपासा: प्रत्येक मालकासमोर नाव, पत्ता, साल, खातं आणि निदान एक पुरावा लिहिलेला आहे का? रिकामी जागा राहिली असेल तर पुढे जाण्याआधी भरा.

टप्पा २: धुळीची नोंद लिहून काढा

नोकरी होती हे एक झालं, त्या नोकरीत ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत जात होती हे वेगळं दाखवावं लागतं. इथे बहुतेक जण "धूळ खूप होती" एवढं सांगून थांबतात. समोरचा वकील याच वाक्यावर पकडतो.

कामगाराला शांत बसवा आणि त्याच्याकडून एकेक काम वदवून घ्या. गोणी कशी उघडायचे, ब्लेडने कापून हाताने झटकायचे का? मोकळ्या गोण्यांचं काय व्हायचं? धागा कुटायच्या मशीनवर कोण असायचं? पाइप सुकल्यावर लेथवर टोकं घासायचे तेव्हा पाणी मारायचे की कोरडंच? तुटलेले पत्रे परत दळायला टाकायचे का, फरशी झाडूनच काढायचे का? साइटवर ग्राइंडरने पत्रा कापला की पांढरा भुगा केसात, पापण्यांवर बसतो, तो झटकायला काय होतं? मास्क मिळायचा तर कसला, नुसतं फडकं की खरा? जुनी शेड पाडताना पत्रे उतरवले की हातोड्याने फोडले?

हे सगळं सालवार लिहा, त्याच्याच शब्दांत, खाली तारीख आणि सही. माणूस बोलता-चालता आहे तोवरच हे करा, आजार वाढला की बोलताना धाप लागते आणि हे सांगणारा दुसरा कोणी नसतो.

सोबत मालकाला एक पत्र पाठवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलंय की ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. त्या नोंदीची प्रत लेखी मागा, नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. दिली तर पुरावा हातात आला. नाही दिली तर ती पोचपावतीच तुमच्या कामाची, कारण जपायला सांगितलेली नोंद मालक दाखवत नाही यावरून आयुक्त त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतात. कारखान्याच्या तपासणीचे अहवाल महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात मागता येतात, तो अर्ज याच आठवड्यात टाकून द्या, उत्तराला वेळ लागतो.

सावधान: घरी कामाचे कपडे धुणाऱ्या बायकोलाही हा आजार होऊ शकतो. ती कामगार नाही म्हणून या कायद्याखाली तिचा दावा बसत नाही, तिचा मामला वेगळा, दिवाणी स्वरूपाचा. दोन्ही एकाच अर्जात मिसळू नका.

टप्पा ३: निदान, आणि ते कागदावर नीट येणं

मला सगळ्यात जास्त तळमळ याच टप्प्याची आहे कारण इथे माणसाचं आयुष्य आणि दावा दोन्ही अडकलेलं असतं. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे या धुळीने फुफ्फुस घट्ट होत जाणं, तो साधारण १० ते २० वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो, मेसोथेलिओमा म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर तर २० ते ४० वर्षांनी. तोवर माणूस दुसऱ्याच कामावर किंवा गावी असतो, आणि तिथला डॉक्टर खोकला, वजन उतरणं आणि एक्स-रेवरचा डाग बघून टीबी समजतो. थुंकी निगेटिव्ह आली तरी टीबीचा कोर्स चालू होतो, तो संपला की केसपेपरवर "जुना टीबी" असा शिक्का बसतो तो कायमचा, आणि मालकाचा वकील नेमका तोच पेपर वर काढतो.

म्हणून छातीच्या डॉक्टरकडे जाताना टप्पा २ ची नोंद सोबत न्या. सरकारी मेडिकल कॉलेजचा छाती विभाग बरा, कारण तिथले डॉक्टर साक्षीला येण्याची शक्यता जास्त असते, खासगीत बरेच जण नाही म्हणतात. काय मागायचं ते सांगतो:

छातीचा एक्स-रे, आणि तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पद्धतीने वाचलेला. एचआरसीटी म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, शक्यतो पालथं झोपवूनही, कारण ॲस्बेस्टॉसिस फुफ्फुसाच्या खालच्या-मागच्या भागात सुरू होतो आणि उताणं झोपल्यावर तिथे नुसता भार पडूनही पांढरं दिसतं. श्वासाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, आणि रक्तात वायू किती शिरतो ती डीएलसीओ टेस्ट. टीबीसाठी थुंकीची तपासणी, रिपोर्ट लेखी. कॅन्सरचा संशय असेल तर बायोप्सी, आणि तिचे ब्लॉक आणि स्लाइड कुठे ठेवलेत त्याची पावती.

केसपेपरवर डॉक्टरांकडून कामाचा इतिहास लिहून घ्या, "अमुक ते अमुक साल ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या कारखान्यात पाइप घासायचं काम" असा. नुसतं "फायब्रोसिस" किंवा "दमा" लिहिलेल्या कागदावर दावा उभा राहत नाही. आणि कमावण्याची क्षमता किती टक्के गेली ते सर्टिफिकेटवर आकड्यात हवं, कारण भरपाईचा हिशोब त्या आकड्यावर चालतो.

बिडी-सिगारेट लपवू नका. बिडीने ॲस्बेस्टॉसिस होत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मात्र बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकमेकांचा धोका वाढवतात, त्यामुळे मालक म्हणणारच की बिडीने झाला. तुम्ही लपवलेलं उलटतपासणीत बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. आणि एचआरसीटीत फुफ्फुसाच्या आवरणावर नुसते चट्टे दिसले, श्वास ठीक असला, तर तो संपर्काचा पुरावा आहे, अपंगत्व नाही. रिपोर्ट जपून ठेवा, दरवर्षी तपासणी करत राहा.

हा आजार कळवण्याजोगा आहे, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरने आणि कारखान्याच्या मॅनेजरने तो कारखाना निरीक्षणालयाला कळवायचाच असतो. डॉक्टरांना तशी विनंती लेखी करा.

सावधान, माणूस गेल्यावर: मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून "हृदय व श्वसनक्रिया बंद" एवढंच लिहितात. मरताना ते सगळ्यांचंच बंद होतं. मूळ आजार लिहायचा आग्रह धरा, आणि जिवंतपणी बायोप्सी झाली नसेल तर फुफ्फुसाचं शवविच्छेदन मागा. त्या घडीला हे बोलणं फार जड जातं, म्हणून घरातल्या एकाने आधीच जबाबदारी घेऊन ठेवावी. अंत्यविधी झाल्यावर हा पुरावा परत मिळत नाही.

टप्पा ४: दार कुठलं, ईएसआय की आयुक्त

माणसाचा ईएसआय होता की नाही, हे आधी बघा. विमा असेल तर ईएसआयकडेच जावं लागतं, त्याच आजारासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ ते अडवतं. लोक आयुक्तांकडे अर्ज करतात, वर्षं जातात, शेवटी मालक ईएसआयचं कार्ड दाखवतो आणि अर्ज फेटाळला जातो.

ईएसआयमध्ये वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे टक्के ठरवतं. पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के आयुष्यभर, अंशतः असेल तर त्या प्रमाणात, मृत्यू झाला तर अवलंबितांना त्याच ९० टक्क्यांतून वाटा. मंडळाने टक्के कमी लावले तर अपील करता येतं, वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात. पहिल्या मंडळाचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द समजू नका.

ईएसआय नसेल तर आयुक्त. आणि एक तिसरी गल्ली आहे, दिवाणी दावा. त्याच आजारासाठी दिवाणी कोर्टात नुकसानीचा दावा लावला तर आयुक्तांकडचा रस्ता बंद होतो आणि उलटही तसंच. एकच निवडायचा, वकिलाच्या हौसेखातर दोन्ही लावू नका.

टप्पा ५: तारखा आणि नोटीस

मुदत २ वर्षांची. कुठून मोजायची यात गोंधळ होतो म्हणून नीट बघा. नोकरीत असताना आजार झाला तर आजारामुळे सलग गैरहजेरी जिथून सुरू झाली तो पहिला दिवस धरतात. नोकरी सुटल्यावर २ वर्षांच्या आत लक्षणं आली तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस. मृत्यू झाला असेल तर मृत्यूची तारीख.

मग निवृत्त होऊन १५ वर्षं झालेल्याचं काय? त्यालाही मार्ग आहे. कलम ३ च्या पोटकलम २ च्या परंतुकात नोकरी संपल्यानंतर झालेला आजारही धरलाय, पण तो त्या कामातूनच झाला हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर येतं. नोकरीत असताना उलटं असतं, तेव्हा कामातून झाला असं गृहीत धरतात आणि नाही म्हणायचं तर मालकाने सिद्ध करायचं. म्हणून निवृत्ताच्या बाबतीत टप्पा १ आणि २ दुप्पट मेहनतीने करा. उशीर झाला असेल तर अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि कारण कागदासह लिहा, "आजार ॲस्बेस्टॉसचा आहे हे अमुक तारखेच्या एचआरसीटीने प्रथम कळलं", चुकीचे टीबीचे पेपर इथेच उपयोगी पडतात.

मालकाला नोटीस नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने: नाव, पत्ता, आजार, काम, तारीख, मागणी. दोन पानांपेक्षा मोठी नको. त्यानंतर मालक त्याच्या डॉक्टरकडे फुकट तपासणीला बोलावू शकतो. जा, नकार दिलात तर तेवढ्या काळापुरता हक्क थांबतो. फक्त मूळ फिल्म त्याच्या हातात ठेवू नका, प्रती द्या.

टप्पा ६: हिशोब स्वतः करून बघा

१९२३ च्या कायद्यात पूर्ण कायमच्या अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणांक, मृत्यूला ५० टक्के गुणिले गुणांक. हिशोबासाठी पगार ३ जानेवारी २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० धरतात, प्रत्यक्षात २५,००० असला तरी. ५० वर्षांच्या माणसाचा गुणांक १५३.०९.

म्हणजे ५० वर्षांचा, पगार १५,०००, पूर्ण अपंगत्व: ९,००० गुणिले १५३.०९, झाले १३,७७,८१० रुपये. मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले १५३.०९, म्हणजे ११,४८,१७५. कमावण्याची क्षमता ४० टक्के गेली असं सर्टिफिकेट असेल तर १३,७७,८१० चे ४० टक्के, ५,५१,१२४. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, म्हणून मेडिकलची बिलं खोक्यात टाकताना मागे तारीख लिहा, शाई उडून जाते.

देय झाल्यापासून महिन्याभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळलं असेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्जात हे दोन्ही शब्दांत मागा.

तपासा: आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळते का? गुणांक वयावर आहे, तारखेच्या घोळात रक्कम बदलते आणि सुनावणीच्या तारखाही पुढे पडत जातात.

टप्पा ७: अर्ज

कामगार आता राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. कारखाना मुंबईकडे आणि माणूस गावी परतलेला असेल तर त्याने दम लागत असताना प्रवास करायची गरज नाही. विरुद्ध पक्षात मालक, ठेकेदार, मूळ काम देणारा आणि मालकाचा विमा असेल तर विमा कंपनी, सगळ्यांना घाला. आजाराचं नाव अनुसूची ३ म्हणजे कायद्यातल्या कामाच्या आजारांच्या यादीतल्या शब्दांत लिहा, ॲस्बेस्टॉसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कॅन्सर व मेसोथेलिओमा, दोन्ही नोंदी तिथे आहेत.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. कायदा सांगतो की प्रकरण ३ महिन्यांत निकाली काढावं, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्यामुळे माणूस फार आजारी असेल तर त्याची साक्ष आधी नोंदवून घ्यायचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.

टप्पा ८: तडजोडीचा निरोप आला तर

येतोच. नोटीस पोचली की कोणीतरी ओळखीचा घरी येतो, "कोर्टात काय मिळणार, आत्ता हे घ्या, इथे सही करा". सही करायच्या आधी एवढं समजून घ्या. हक्क सोडून दिल्याचा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. कायमच्या अपंगत्वाची तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे आयुक्तांकडेच जमा व्हायला हवेत, विधवेच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरत नाहीत, तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल तेवढी वळती होते. तरी सही टाळाच, कारण रद्द असलेला कागदही कोर्टात महिनेन् महिने खातो.

तडजोड करायचीच असेल तर टप्पा ६ चा हिशोब समोर ठेवून, आयुक्तांसमोर.

टप्पा ९: निकालानंतर

निकालाची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात घ्या. मालकाला हायकोर्टात अपील करायचं तर आधी रक्कम जमा करावी लागते, ती केली नसेल तर अपील चालत नाही हे तुमच्या वकिलाने पहिल्याच तारखेला मांडायला हवं. पैसे भरलेच नाहीत तर आयुक्तांकडे वसुलीचा अर्ज द्या, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते आणि प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं. तिथे आवक क्रमांक घेऊन दर महिन्याला पाठपुरावा करा, आणि कंपनीच्या जमिनीचे सातबारे किंवा बँक खात्याचा तपशील असेल तर स्वतः नेऊन द्या, कारण तलाठ्याला मालमत्ता सापडली नाही असा शेरा पडला की फाइल तिथेच पडून राहते.